चौतीस सह्या

माझ्या धाकट्या भावाला लोक 'भिंग' म्हणतात. बँकेत तर म्हणतातच, आता आमच्या गावातही म्हणतात. गावात फक्त पुढे 'साहेब' लावतात. बँकेत तो सह्या तपासतो. माणसानं आज केलेली सही आणि त्याच माणसाची बँकेच्या दप्तरातली जुनी सही शेजारी शेजारी ठेवायची, भिंगातून बघायची आणि खरी की खोटी ते सांगायचं. एकोणीस वर्षं हेच काम. दिवसाचे आठ तास संशय घेण्याचा पगार मिळतो म्हटल्यावर उरलेले सोळा तास तो फुकट घेणारच. पण बँकेनं त्याला बिघडवलं असं मी म्हणणार नाही, तो मुळातलाच तसा. लहानपणी मी त्याला अर्धं बिस्किट दिलं, तर उरलेलं अर्धं कुठे आहे ते आधी विचारायचा.

शहरात तो, माझी भावजय आणि भाची एका रंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचे. खाली दिवसभर डबे उघडून रंग ढवळायचे आणि तो वास जिन्यानं वर यायचा. भाची सहा वर्षांची झाली तोवर खोकून खोकून तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. डॉक्टरांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा रागावले. मग मीच म्हटलं, आमच्या घरामागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, तिकडे या राहायला. नोकरीला काय, रोज जाता येतं. मी नाही का जात? मी शहरातल्या एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात आहे. बावीस वर्षं सकाळी सहा वीसच्या बसनं जाते आणि संध्याकाळी पावणेआठला घरात पाय टाकते. जाताना एक तास पन्नास मिनिटं, येताना दोन तास.

"रोज तीच बस येते?" त्यानं विचारलं.

"नाही रे, सोमवारी हत्ती येतो," मी म्हटलं.

आल्या आल्या त्यानं मागच्या दाराला आपोआप लागणारं कुलूप बसवलं. आमच्याकडे मागच्या दाराला कडी असते, तीही वाऱ्यासाठी. दुसऱ्याच दिवशी भावजय कपडे वाळत घालायला बाहेर गेली, मागे दार आपटलं आणि किल्ली ह्याच्या खिशात बसून शहराला गेलेली. संध्याकाळपर्यंत ती आणि पोर आमच्या ओसरीवर बसून होत्या. तिसऱ्या दिवशी खिडकीत कुणीतरी सहा अंडी ठेवून गेलं.

"कुणी ठेवली?" भाऊ म्हणाला.

"अंडीवाल्या आजीनं ठेवली असतील. तुम्ही नवीन आलात ना."

"ते कळलं. पण का ठेवली?"

त्यानं पातेल्यात पाणी घेऊन एकेक अंडं सोडून पाहिलं. सहाच्या सहा तळाला गेली, म्हणजे ताजी. तर म्हणतो, "सगळीच चांगली कशी काय?" समोरच्या घरातल्या काकांनी सहज विचारलं, साहेब, परत किती वाजता येता, तर ह्यानं मुद्दाम दोन तास अलीकडची वेळ सांगितली. ते काका बिचारे तेव्हापासून पावणेसहाला रस्त्याकडे बघत बसायचे आणि माझ्या नवऱ्याला म्हणायचे, तुमच्या मेहुण्याला आज उशीर झाला वाटतं.

बसचं तर विचारूच नका. पहिल्या दिवशी हा पंचवीस मिनिटं आधी स्टॉपवर. मी पोचले तेव्हा नजर रस्त्यावर आणि हातात छोटी वही. बस कधी आली ते तो त्या वहीत लिहायचा. पंधरा दिवसांनी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, ड्रायव्हर मंगळवारी गाडी दोन मिनिटं लवकर काढतो. काहीतरी आहे." मंगळवारी अंडीवाली आजी येत नाही. तिचे ट्रे चढवायला दोन मिनिटं लागतात, ती वाचतात. हे मी त्याला सांगितलं, त्यानं ते वहीत लिहून घेतलं, पण पटल्याचं काही चेहऱ्यावर दिसलं नाही.

आमच्या बसमध्ये जागा कुणाच्याच नावावर नसतात आणि तरी ज्याची त्याची ठरलेली असते. भाऊ ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसला, घड्याळ दिसावं म्हणून. ती जागा माळ्याची. शहरातल्या मोठ्या बागेत तो कामाला आहे. माळी चढला, भावाकडे पाहिलं, काही बोलला नाही आणि दांडा धरून तासभर तसाच उभा राहिला. उतरल्यावर भाऊ मला म्हणतो, "तो माणूस माझ्या डोक्यावर का उभा होता?" मी म्हटलं, तू त्याच्या जागेवर बसलास म्हणून. "मग बोलला का नाही? न बोलणारी माणसं मला आवडत नाहीत." बोलणारीही त्याला आवडत नाहीत, पण ते असो. दुसऱ्या दिवसापासून मी त्याला मागे बसवलं.

पुढून दुसऱ्या बाकावर टपालबाई बसते. तिच्याबद्दल जरा सांगायला हवं. आमच्या गावच्या टपाल कचेरीत ती एकटीच. पेटी उघडणारी ती, शिक्का मारणारी ती, घरोघर वाटणारी ती, आणि रोज सकाळी टपालाची पिशवी मांडीवर घेऊन शहरातल्या मोठ्या कचेरीत पोचवणारीही तीच. तिथली पिशवी उचलून साडेआठच्या गाडीनं परत फिरते. तीस वर्षं झाली. बोलणं तुटक, हसणं त्याहून कमी. पण गावातला कुठलाही कागद तिच्याशिवाय हलत नाही. शाळेचा अर्ज, इस्पितळाचा फॉर्म, विजेची तक्रार, सगळं तीच लिहिते आणि खालची सहीही तीच करते. ज्याला लिहिता येत नाही त्याची करते, ज्याचा हात थरथरतो त्याची करते, ज्याचा चष्मा घरी राहिला त्याची करते, आणि माझ्यासारखीला नुसता कंटाळा आला असेल तर तिचीही. "माझी पण कर गं," म्हटलं की झालं. विचारल्याशिवाय मात्र कधी करत नाही. गावात सगळ्यांना हे ठाऊक, गावाबाहेरच्या कचेऱ्यांनाही ठाऊक. त्यात काही वावगं आहे असं मला तरी कधी सुचलं नाही.

भावाला हे सांगायला हवं होतं. बसचा दरवाजा कसा ओढायचा ते सांगितलं, कुठल्या खिडकीतून पाणी गळतं ते सांगितलं, हे राहून गेलं.

दोन महिने तो बसमध्ये झोपला नाही. बॅगेचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन टक्क जागा बसायचा आणि बँकेत गेल्यावर डुलक्या काढायचा. शेवटी एका सकाळी मान पडलीच. जागा झाला तेव्हा अंगावर अंडीवाल्या आजीची शाल. दचकून त्यानं आधी वरचा खिसा चाचपला, मग बॅग, मग पँटचे खिसे. आजी बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उतरताना तो हळूच म्हणाला, "काही गेलेलं नाही." जणू काही त्यात आजीचीच लबाडी होती.

तरी गाडी रुळावर येत होती, हेही खरं. भावजयीला गावाबाहेरच्या रोपवाटिकेत काम मिळालं, रोपं पिशव्यांत भरायचं. भाचीचा खोकला आधी दिवसाचा गेला, मग झोपेतला गेला. एका रविवारी ती अंगणातून फाटकापर्यंत धावत गेली आणि धावत परत आली, आणि खोकली नाही. भाऊ दारात उभा होता. त्यानं तिला परत धावायला लावलं. मग अजून एकदा. मी म्हटलं, पुरे रे, पोरगी आहे, पुरावा नाही. तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं ते माझ्यापासून लपवलं.

अशात एके दिवशी बसच्या काचेवर कागद चिकटला. प्रवासी कमी असल्यामुळे सहा वीसची फेरी पुढच्या महिन्यापासून बंद. कुणाची हरकत असेल तर नेहमीच्या निदान तीस प्रवाशांच्या सह्यांचा अर्ज डेपोत द्यावा.

पुढची बस पावणेनऊला, ती शहरात पोचते पावणेअकराला. माझा धुलाईखाना साडेआठला सुरू होतो आणि बँक साडेनऊला. म्हणजे सहा वीस गेली की माझी नोकरी गेली. भावानं एक तर सोमवार ते शनिवार शहरात खोली घेऊन एकट्यानं राहायचं, नाही तर तिघांनी परत त्या रंगाच्या वासात जायचं. हे त्यालाही कळत होतं, कारण दोन दिवस तो वहीत काही लिहायचंच विसरला.

टपालबाईनं दोन संध्याकाळी घरोघर फिरून अर्ज तयार केला. तिसऱ्या दिवशी बसमध्ये तो हातोहात फिरला, सगळ्यांनी नजर घालावी म्हणून. चौतीस नावं, चौतीस सह्या. फिरत फिरत तो भावाकडे आला. मी मागच्या बाकावरून बघत होते. त्यानं खिशातून भिंग काढलं. मला हसू आलं. म्हटलं, सवय जाईना. तो वरपासून खालपर्यंत गेला, परत वर आला, मग तळाशी एका जागी थांबला. त्याचे कान लाल झाले. एकतिसावं नाव त्याचं होतं, पुढे सहीही होती. मला वाटलं, आपल्यालाही गावानं धरलं म्हणून भरून आलं असेल. कागद घडी करून त्यानं पुढे दिला आणि शहर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

टपालबाईनं त्याच दिवशी अर्ज डेपोत दिला. आम्ही निर्धास्त झालो.

दहा दिवसांनी ती बसमध्ये उभी राहिली. बस सुरू असताना ती कधी उभी राहत नाही, त्यामुळे सगळे तिच्याकडे वळले. "अर्ज बाजूला ठेवलाय डेपोनं," ती म्हणाली. "कुणीतरी पत्र पाठवलंय. चौतीसातल्या तेवीस सह्या एकाच हातच्या आहेत, खोट्या आहेत, असं लिहिलंय. पत्राखाली नाव नाही. आता तेवीस जणांनी अठ्ठावीस तारखेच्या आत कामाच्या वेळेत पुरावे घेऊन स्वतः डेपोत जायचं. नाही तर ज्यानं पत्र लिहिलं त्यानं येऊन ते मागे घ्यायचं." एवढं सांगून ती खाली बसली. डेपोचा कागद तिनं कुणाला दाखवला नाही, घडी करून आत ठेवला.

अंडीवाली आजी म्हणाली, "खोटी कशी? मीच सांगितलं ना तिला माझं नाव लिही म्हणून. मग मी खोटी का?" अकरा वाजता डेपोत रांग लावली तर तिनं अंडी विकायची कधी, आणि माळ्यानं बाग सोडायची कुणाच्या भरवशावर? एकदा नाही, पुरावा कमी पडला की दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तेवीस जण जाणार नाहीत हे डेपोलाही माहीत होतं.

त्या दिवसापासून बस नासली. बावीस वर्षांत मी तिच्यात भांडणं पाहिली होती, रडारड पाहिली होती, एक बाळंतपण होता होता राहिलेलं पाहिलं होतं. पण असं कधी नव्हतं. जो तो दुसऱ्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागला. आधी सवाऱ्या नेणाऱ्या जीपवाल्याचं नाव निघालं, बस बंद झाली तर त्याचंच फावणार म्हणून. मग माळ्याचं निघालं, कारण मागे कुंपणावरून त्याचं टपालबाईशी वाजलं होतं. माळी हे ऐकून लालबुंद झाला आणि दोन दिवस बसमध्ये चढलाच नाही, त्यावरून लोकांची खात्रीच झाली. मग एके सकाळी मी चढले आणि बोलणं तुटलं. आमच्या ह्यांचा मालाचा टेम्पो आहे. म्हणजे बस गेली तर माणसं आमच्याच टेम्पोत बसणार, असा हिशोब कुणीतरी जुळवला होता. अंडीवाल्या आजीनं माझ्या बाजूला ट्रे ठेवला आणि ती पलीकडे जाऊन बसली. मला इतका संताप आला की उतरताना मी कुणाशी बोलले नाही. भाऊ मात्र सगळ्यांशी गोड बोलायला लागला होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुपारच्या सुट्टीत मी तडक डेपोत गेले. तिथल्या कारकुनानं मला ओळखलं नाही, पण गावाचं नाव काढताच हात जोडले. "बाई, तुमची टपालबाई कोण ते आम्हाला माहीत नाही का? वर्षानुवर्षं तुमच्या गावचे अर्ज तिच्याच अक्षरात येतात. आम्ही कधी काही म्हटलं? पण हे पत्र आवक रजिस्टरला चढलं. आता गिळता येत नाही." त्यानं फाईल माझ्याकडे फिरवली. कोऱ्या कागदावर टाईप केलेलं पत्र. 'सदर सह्यांमधील लेखणी उचलण्याच्या जागा एकसमान असून अक्षरांच्या शेपटांवरील दाब संशयास्पद आहे.'

लेखणी उचलण्याच्या जागा. एकोणीस वर्षं तो आमच्याकडे जेवायला बसला की आम्ही हेच ऐकत आलो आहोत.

संध्याकाळी बसमध्ये मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही. घरी आल्यावर तो मागच्या दाराचं कुलूप ओढून बघत होता, तिथेच गाठलं.

"पत्र तू लिहिलंस?"

त्यानं नाही म्हटलं नाही. एवढं मात्र मानावं लागेल, माझ्याशी तो कधी खोटं बोललेला नाही. "तेवीस सह्या खोट्या होत्या, ताई. माझीसुद्धा! माझी सही! मला न विचारता! उद्या तीच बाई माझ्या नावानं काय काय लिहील?"

"तिला विचारायचं होतंस."

"चोराला विचारायचं का, बाबा रे, तू चोर आहेस का?"

"माझी सही पण त्यात आहे. मीच तिला सांगितलं कर म्हणून. सगळ्यांनी सांगितलं. इथे असंच चालतं. आणि तू तुझं नाव का नाही घातलंस रे पत्राखाली? दुसऱ्याच्या सह्या तपासतोस, स्वतःची करायला काय झालं होतं?"

मागे भावजय कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नव्हतं. हातांना रोपांची माती तशीच.

"तुमची सही करा असं मी सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "त्या दारात आल्या होत्या, तुम्हाला विचारायचंय म्हणाल्या. तुम्ही यायचे होतात. मी म्हटलं, थांबता कशाला, त्यांचं नाव आधी घाला." तिचा आवाज चढत नाही, पण त्या दिवशी तो चढला नाही याचीच मला भीती वाटली. "बस गेली तर तुम्ही तिकडे राहा. मी आणि ही इथेच राहणार. मी तिला परत त्या जिन्यावर नेणार नाही."

ती आत गेली. भाऊ पायरीवर बसला. मला राग होता, आणि त्याची कीवही येत होती. दोन्ही एकदम होतं हे मला त्या दिवशी नीट कळलं.

"सही दिसली आणि बसचं भानच राहिलं नाही. मला वाटलं, आपल्याला फसवतायत," तो म्हणाला.

"तुला कायमच तसं वाटतं."

"आता काय करू?"

"मी सांगणार नाही," मी म्हटलं. "मी सांगितलं तर ते माझं होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्टॉपवर माझ्याही नंतर आला. बस निघाली, गावची शेवटची घरं मागे पडली, आणि हा मधल्या वाटेत दांडा धरून उभा राहिला. बँकेत जायचा इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. "ते पत्र मी लिहिलं," तो म्हणाला. मागच्या बाकांना ऐकू गेलं नाही म्हणून परत म्हणाला. "डेपोला. ते मी लिहिलं. मला इथली पद्धत माहीत नव्हती. पण विचारायला हवं होतं. मी आजच जाऊन मागे घेतो."

ड्रायव्हरकाकांनी आरशात पाहिलं. माळ्यानं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, ते मी इथे लिहीत नाही. अंडीवाली आजी माझ्याकडे वळली आणि शरमून खाली बघायला लागली.

भाऊ टपालबाईच्या बाकापाशी गेला. "तुम्ही मला काय हवं ते बोला," तो म्हणाला.

"मला माहीत होतं," टपालबाई म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"पत्र तुमचं आहे ते. गावच्या पेटीत टाकलंत ना? पेटी मीच उघडते." तिनं पिशवीवर हात ठेवला. "त्या दिवशी ह्याच पिशवीत होतं. तुम्ही मागे बसला होतात, पत्र इथे माझ्या मांडीवर."

पेटीचं मला त्यानं नंतर सांगितलं. शहरातल्या पेटीत टाकलं तर बँकेजवळचा शिक्का पडेल आणि आपण पकडले जाऊ, म्हणून ह्या शहाण्यानं आमच्या स्टॉपसमोरच्या पेटीत पत्र टाकलं होतं. एवढा विचार केला, पण ती पेटी उघडायला कोण येतं एवढाच केला नाही.

"पण पत्ता मी डाव्या हातानं लिहिला होता," तो कसाबसा म्हणाला.

"तीस वर्षं पत्ते वाचतेय मी. पत्ता बदलल्याचा फॉर्म तुम्ही माझ्यासमोर भरलात. हात बदलला म्हणून माणूस बदलतो होय? डेपोत तुमचं काय काम असेल, एवढं तेव्हा कळलं नाही. डेपोचा कागद आला तेव्हा कळलं."

"मग पाठवलंत कशाला? ठेवून घ्यायचं होतं. फाडायचं होतं."

टपालबाई त्याच्याकडे बघतच राहिली. मला वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात तिला खरा धक्का बसला तो ह्या वाक्याचा. "टपाल आहे ते," ती म्हणाली. "माझं आहे का, ठेवून घ्यायला?"

"आणि मग सांगितलं का नाहीत? लोक माळ्यावर संशय घेत होते, माझ्या बहिणीवर घेत होते. तुम्हाला खोटं ठरवलं."

"कुणी कुणाला पत्र पाठवलं हे आम्ही सांगत नाही."

भाऊ तसाच उभा राहिला. एकोणीस वर्षं तो खरा माणूस शोधत होता असं मी म्हणणार नाही. तो खोटंच शोधत होता, आणि खरं समोर आल्यावर त्याला काय करावं कळेना. शेवटी ड्रायव्हरकाका म्हणाले, "साहेब, बसा आता, वळण आहे." तो बसला. माळ्यानं पाय आवरून त्याला जागा दिली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

बँकेला अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो डेपोत गेला. मीही गेले, तो ऐनवेळी कच खाईल की काय म्हणून. बहिणीलाही थोडा संशय असतोच. त्यानं पत्र मागे घेतल्याचं लिहून दिलं, खाली पूर्ण नाव आणि सही. कारकुनानं ते आवक रजिस्टरला चढवलं आणि सांगितलं, उद्या नवीन अर्ज आणा. दुसऱ्यानं सही केली असेल तिथे तसं लिहा आणि लिहिणाऱ्याची सही घ्या, म्हणजे पुन्हा कुणी भिंग लावायला नको. हे बोलताना त्याला माहीत नव्हतं की भिंग समोरच उभं आहे.

दुसऱ्या दिवशी टपालबाईनं बसमध्येच मांडीवर पाटी आणि तिच्यावर कागद घेऊन नवीन अर्ज लिहायला घेतला. आजीचं नाव, आजीच्या सांगण्यावरून, खाली स्वतःची सही. माळ्याचं नाव, तसंच. माझं आलं तेव्हा तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कर गं." खड्डा आला की ती पेन उचलायची आणि गाडी सरळ झाली की परत टेकवायची.

एकतिसाव्या नावाला ती थांबली. भावाचं नाव लिहिलं, पुढची जागा कोरी सोडली आणि पाटीसकट पेन मागे त्याच्याकडे दिलं.

"तुम्हीच करा ना," भाऊ म्हणाला. "माझ्या सांगण्यावरून. मी सांगतोय."

"नको," टपालबाई म्हणाली. रागानं नाही, ती एरवी बोलते तशीच. "तुमची तुम्ही करा."

आपल्या नावापुढे दुसऱ्या कुणी पेन टेकवू नये म्हणून आयुष्यभर जपलेला माणूस. त्या सकाळी बसमधल्या अर्ध्याअधिक लोकांच्या सह्या तिच्या हातच्या होत्या आणि त्याची एकट्याची नव्हती. मला त्याच्यासाठी फार वाईट वाटलं. त्यानं पाटी गुडघ्यावर घेतली, पेन उघडलं, गाडी सरळ रस्त्याला लागेपर्यंत वाट पाहिली आणि सही केली.